शरणम्मांचं हैदराबाद

हैदराबादला तीन दिवस जायचं आणि चारच ठिकाणं बघायची, असं दामिनीनं जाहीर केलं तेव्हा सगळ्यांत आधी हसला तो सिद्धलिंग. तो तिच्या नवऱ्याचा मावसभाऊ. लातुरात त्याचा सहलींचा धंदा होता आणि त्याच्या गाडीवर मागच्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं : एक रात्र, दोन दिवस, चौदा पॉइंट.

"वहिनी, चार ठिकाणं तर माझी गाडी नाष्ट्याच्या आधी उरकते," तो म्हणाला.

"उरकते, खरंय. मी बसले होते ना तुमच्या गाडीत. त्या सहलीतलं आज मला काय आठवतं सांगू? पेट्रोल पंपावरचे संडास आणि तुमची शिट्टी."

सिद्धलिंग पुन्हा हसला, पण या खेपेला जरा कमी.

दामिनीचं माहेर नांदेडचं. लग्नानंतर लातुरात आली, काही वर्षं शिकवण्या घेतल्या, आणि मग एके दिवशी घरात सांगून टाकलं, की मी आता सहली काढणार. पण वयस्क बायकांच्या. ज्यांना कुणी सोबत नेत नाही, आणि नेलंच तर गाडीत बसवून ठेवतात, त्यांच्या. सकाळी एक जागा, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी एक जागा. धावपळ नाही. ती आधी स्वतः हैदराबादला जाऊन आली होती. कुठं बसायला बाकं आहेत, कुठं संडास स्वच्छ आहेत, कुठं इडली मऊ मिळते, कुठल्या दारातून आत गेलं की कमी चालावं लागतं, हे सगळं तिनं स्वतः चालून, बसून, खाऊन पाहिलं होतं. त्यामुळं कुणी काही विचारलं की तिचं उत्तर तयार असे, आणि ते खरं असे.

पहिल्याच सहलीला आठ बायका ठरल्या. आठवी होती तिची सासू, शरणम्मा.

शरणम्मांचं नाव घेतल्यावर दामिनीचा नवरा मृत्युंजय जेवता जेवता थांबला. "आईला? अगं, दुकानाची पायरी चढताना ती भिंत धरते."

"म्हणूनच मी न्यायलेय. सिद्धलिंगभाऊजी नेत असते तर मीच नको म्हटलं असतं."

शरणम्मा चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, कडक भाकरीची चळत फडक्यात बांधत होत्या. त्या मागं न बघताच म्हणाल्या, "तुझे बाप दर म्हयन्याला जायचे हैदराबादला. कापड आणायला. मी एकदा म्हनलं, मला पन न्या की. तर म्हनले, काय हाय तिथं? धूळ हाय अन् गर्दी हाय. पुन्हा इचारलं, पुन्हा तेच. मग इचारनं सोडलं. आता ही न्यायलीय तर जाते. धूळ तर धूळ."

मृत्युंजयच्या वडिलांना, मडिवाळप्पांना, जाऊन चार वर्षं झाली होती. लातूरच्या गंजगोलाई बाजारातलं त्यांचं कापडाचं दुकान आता मृत्युंजय चालवत होता, पण माल दुसरीकडून मागवत होता. झोपताना तो दामिनीला म्हणाला, "गुडघ्याची पट्टी घे बरोबर. आणि तो गोवळकोंडा-बिवळकोंडा नको हां."

"तो मी घेतलेलाच नाही," दामिनी म्हणाली. "तुझ्या आईच्या गुडघ्यांकडं बघूनच चार जागा निवडल्यात. सगळ्या सपाटीवरच्या."

*

जानेवारीतल्या एका सकाळी गाडी निघाली. उदगीरला चहा झाला, बिदरच्या पुढं एका आमराईत सतरंजी टाकून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही झालं, आणि उन्हं उतरायच्या बेतात असताना त्या हैदराबादेत शिरल्या. दामिनीनं मुक्कामाची जागा जुन्या शहराजवळच, पण आतल्या शांत गल्लीत घेतली होती. पहिल्या संध्याकाळी तिनं कुणाला कुठंही नेलं नाही. गरम पाणी, मऊ भात, झोप.

कुरकुर दुसऱ्या दिवशी सुरू झाली. सुरू केली ती विशाखाबाईंनी. त्या नांदेडच्या. शाळेत दामिनीला इतिहास शिकवायला होत्या, पुढं मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. दामिनीची सहल आहे कळल्यावर कौतुकानं लातूरपर्यंत येऊन गाडीत बसल्या होत्या. पण वर्गावरची सवय काही सुटली नव्हती.

"दामिनी, एवढ्या लांब आलोय. आज दिवसभरात संग्रहालय आणि चारमिनार, एवढंच? गोवळकोंडा नाही, कुतुबशाही मकबरे नाहीत. अगं, मी मुलांना इतकी वर्षं हे शिकवलं."

"बाई, संग्रहालयात दोन तास द्या आणि मग मला सांगा, अजून एक जागा घेऊ का ते. तुम्ही हो म्हणालात तर घेऊ."

सालारजंग संग्रहालयात दामिनीनं सगळी दालनं दाखवलीच नाहीत. चारच दाखवली. प्रत्येक ठिकाणी आधी बसवलं, मग बघायला लावलं. तिथल्या प्रसिद्ध मोठ्या घड्याळासमोर तिनं बायकांना तास भरायच्या बऱ्याच आधी पुढची जागा धरून दिली. तास भरत आला तशी मागं माणसांची भिंत उभी राहिली. घड्याळातून छोटा दाढीवाला माणूस बाहेर आला, त्यानं घंटेवर टोले दिले आणि आत गेला. बायका लहान मुलींसारख्या खिदळल्या. शरणम्मा मात्र हसल्या नाहीत. त्या पुढं वाकून बघत होत्या आणि तो माणूस आत गेल्यावरही बघतच राहिल्या.

"परत येतो का गं तो?"

"पुढच्या तासाला."

"मग बसू की."

त्या खरंच बसल्या. बाकीच्या बायका बाजूचं हस्तिदंताचं दालन बघून आल्या, आणि शरणम्मांनी त्या दाढीवाल्याला दुसऱ्यांदा येऊ दिलं. बाहेर पडताना विशाखाबाई पायऱ्यांवर टेकल्या, चप्पल काढून तळवे चोळत म्हणाल्या, "अजून एक जागा नको. जेवायला घाल."

*

दुपारची झोप झाल्यावर, चारमिनारकडं निघण्याआधी, शरणम्मांनी एक गोष्ट मागितली. "तुझे मामा आपल्या दुकानाचा माल कुठून उचलायचे ते दुकान बघू का? पत्थरगट्टीला. जाता जाता हाय म्हनं."

ठोक कापडाचं ते दुकान शोधायला फार त्रास झाला नाही. गादीवर पांढऱ्या दाढीचे, गोल टोपी घातलेले गौसमियाँ बसले होते. मडिवाळप्पांचं नाव ऐकल्यावर ते आधी थबकले आणि मग गादीवरून उठूनच उभे राहिले.

"लातूरवाले मडिवाळप्पा सेठ? उन के घर से? अरे बैठो माँ, बैठो!"

चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली. सेठ गेल्याचं ऐकून त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले. मग त्यांची जीभ सैल सुटली.

"क्या बोलूँ माँ. सेठ सबेरे आते, माल देखते, गठड़ी बँधवाते, और मेरेकु बोलते, गौस, अब शाम तक मेरेकु ढूँढना नक्को. कभी अजायबघर में बैठते, कभी तालाब पे. और गोलकुंडा तो उन के घर के माफिक था. ऊपर जाते, और बैठे रहते. एक बार मेरेकु भी लेके गए. मैं हैदराबाद में पैदा हुआ, और मेरेकु गोलकुंडा दिखाए लातूर के सेठ!"

ते मनापासून हसले. दामिनीनं सासूकडं पाहिलं. शरणम्मांनी बशीतला चहा ओठांपर्यंत नेला होता. तो त्यांनी न पिता खाली ठेवला.

"एकले जायचे?" त्यांनी विचारलं.

"हौ माँ, अकेले. बोलते थे, ऊपर हवा बहुत अच्छी है."

शरणम्मांनी मान हलवली. उरलेला चहा संपवला, गौसमियाँना हात जोडले आणि बाहेर आल्या. रस्त्यात बांगड्यांच्या हातगाड्या, अत्तराचा वास, रिक्षांचे भोंगे, माणसाला माणूस घासून चाललेलं. बाकीच्या बायका लाड बाजारात शिरल्या. शरणम्मा चारमिनारच्या चौकात एका दगडी कट्ट्यावर बसल्या. दामिनी त्यांच्या शेजारी बसली.

"धूळ हाय म्हनले होते," शरणम्मा म्हणाल्या. "इत्ती वर्षं. घरी आले की मी पाय धुवायला पानी द्यायचे. काय बघितलं म्हनून इचारलं तर, काय बघायचंय, पाय दुखून ऱ्हायलेत. अन् हा मानूस गडावर हवा खाऊन आलेला असायचा."

"आत्याबाई, मामांना वाटलं असेल, तुम्हाला उगाच वाईट वाटेल—"

"त्यांची वकिली करू नको."

दामिनीनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढं धरली.

"लपवण्यासारखं काय होतं त्यात? दारू प्यायचे न्हाई, पत्ते खेळायचे न्हाई. किल्ला बघायचे. मला म्हनले असते, शरणम्मा, आज असं असं बघितलं, तर घरात बसून मी पन बघितलं असतं." त्यांनी पदरानं नाक पुसलं, आणि मान वळवून सुनेकडं रोखून बघितलं. "अन् तू?"

"मी?"

"गोवळकोंडा मला झेपायचा न्हाई, हे कुनी ठरवलं? तू ठरवलंस. मृत्युंजयनं ठरवलं. तुझ्या मामांनी तर कवाच ठरवलं. मला कुनी इचारलं?"

दामिनीला हे लागलं. चांगलंच लागलं. सहल आखताना तिनं रस्ते तपासले होते, बाकं तपासली होती, इडल्यासुद्धा तपासल्या होत्या. आणि जिच्या गुडघ्यांसाठी हे सगळं केलं तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. पण दामिनी रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. गड सकाळी उघडतो. सकाळी ऊन कोवळं असतं. पायऱ्या खूप आहेत, पण सलग नाहीत, मधे मधे सपाटी आहे, कमानी आहेत, सावली आहे. लोक तासाभरात वर जातात. आपण अख्खी सकाळ घेतली तर?

"विचारते," ती म्हणाली. "आत्याबाई, उद्या गोवळकोंडा चढायचा का?"

"हाव."

"उतरताना दुखेल. चढण्यापेक्षा जास्त."

"दुखंल तर दुखंल. गुडघा माझा हाय."

*

जेवणाच्या पंगतीतच दामिनीनं सांगून टाकलं. उद्या सकाळी ठरलेला चौमहल्ला राजवाडा रद्द. त्याऐवजी गोवळकोंडा, पूर्ण सकाळ. ज्यांना चढायचंय त्यांनी चढायचं, ज्यांना नाही त्यांनी खाली बागेत बसायचं. दोघी बायका नाराज झाल्या. त्यांना राजवाड्यातली झुंबरं बघायची होती आणि तसं त्यांनी तोंडावर बोलूनही दाखवलं. दामिनीनं चूक आपलीच आहे म्हटलं, झुंबरं राहिली तर पुढच्या सहलीत त्यांना ती आधी दाखवेन असा शब्द दिला, पण बेत बदलला नाही.

"मी वर येणार नाही, मला दम लागतो," विशाखाबाई म्हणाल्या. "पण खाली मी या सगळ्यांना किल्ला सांगते. घुमटाखालची टाळी वर ऐकू जाते ना, ती मी वाजवते. तुम्ही वर पोचलात की फोन करा."

सकाळी शरणम्मांनी नेहमीसारखी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंगाची पूजा केली. दामिनीनं त्यासाठी वेळ धरलेलाच होता. गडाचं दार उघडलं तेव्हा त्या दारात होत्या.

दामिनीनं एकच नियम घातला. दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. खांद्याला तिनं घडीचं छोटं स्टूल अडकवलं होतं. थोड्या पायऱ्या, मग स्टूल. थोड्या पायऱ्या, मग कमानीतला कट्टा. पाण्याचा घोट, गुळाचा खडा. मागून येणारे लोक पुढं जात होते, वर जाऊन फोटो काढून परत उतरतही होते. एक बाई उतरता उतरता थांबून म्हणाली, "आजी, अजून खूप आहे हो." शरणम्मा म्हणाल्या, "असू दे की. मी कुठं पळून चाललेय?"

मग अर्ध्या वाटेवर, एका पडक्या कोठाराच्या सावलीत बसल्यावर, त्यांनी दगडावर हात ठेवला. "इथं बसले असतील का गं?"

"असतीलच. इथं सगळेच बसतात."

"तंबाखू काढली असंल. मला म्हनायचे सोडली." आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

त्याच्या पुढची चढण खडी होती. उजवा गुडघा बोलायला लागला. शरणम्मांनी ओठ आवळले, एक हात भिंतीला, एक सुनेच्या खांद्यावर. एका वळणावर त्या थांबल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. दामिनीनं घाई केली नाही, आणि परत फिरू या, असंही म्हटलं नाही. तिनं फक्त स्टूल मांडलं. बऱ्याच वेळानं शरणम्माच म्हणाल्या, "चल. बसून बसून थंडी वाजायली." वाटेतल्या देवीच्या मंदिराला त्यांनी बाहेरूनच हात जोडले आणि पुढं निघाल्या.

वर पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. गडाच्या माथ्यावरच्या बारादरीच्या गच्चीवर वारा असा होता, की शरणम्मांचा पदर दामिनीनं धरून ठेवला. खाली बुरूज, तटबंदी, त्यापलीकडं मकबऱ्यांचे घुमट, आणि त्याच्याही पलीकडं नजर पोचेल तिथवर शहर. दूर कुठंतरी काचेच्या इमारती चमकत होत्या. शरणम्मा कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी एक लांब श्वास घेतला.

"हवा लई चांगली हाय," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "चोर कुठला."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यानं की कशानं, ते दामिनीनं विचारलं नाही. तिनं फोन लावला. थोड्या वेळानं, खालच्या त्या सगळ्या गोंगाटातून वेगळी निघून, एक टाळी वर आली. बारीक, पण लख्ख. मग अजून एक. मग पाच-सहा जणींनी मिळून वाजवलेल्या.

"आपल्याच बायका!" शरणम्मा म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवल्या, एवढ्या जोरात, की शेजारचं कुटुंब वळून बघायला लागलं. खाली ऐकू गेल्या की नाही कुणास ठाऊक. शरणम्मा वाजवतच राहिल्या.

*

उतरताना दुखलं, दामिनीनं सांगितलं होतं तसंच. दुपारी गुडघा सुजला. शरणम्मा गरम पाण्याची पिशवी लावून संध्याकाळपर्यंत पडून राहिल्या. झुंबरं राहिली ती राहिलीच. निघायच्या दिवशी फक्त हुसेनसागरच्या काठावर बसणं, भाजलेलं कणीस आणि परतीची वाट.

लातुरात गाडीतून उतरताना आईचा पाय बघून मृत्युंजय दामिनीवर तापला. "तू म्हणाली होतीस सपाटीवरच्या जागा!"

"तिला काय बोलतोस?" शरणम्मांनी गुडघ्यासाठी हैदराबादेत घेतलेली काठी सून-लेकाच्या मधे आडवी केली. "मी म्हनले म्हनून नेलं तिनं. बस इथं. तुझ्या बापाचं काय काय कळलंय ते सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. मृत्युंजय ऐकता ऐकता दारातच बसला. त्यालाही यातलं काही माहीत नव्हतं. लहानपणी त्यानंही बाबांच्या मागं हट्ट केला होता आणि त्यालाही धूळच ऐकायला मिळाली होती.

पुढचे आठ-दहा दिवस गल्लीतल्या बायका शरणम्मांकडं येऊन बसत. त्या घड्याळातल्या दाढीवाल्याची नक्कल करून दाखवत, चारमिनारचा चौक सांगत, गडावरची हवा सांगत. काहीच हातचं राखत नसत. नवऱ्याच्या फोटोला रोजच्यासारखं फूल वाहत. एकदा फूल वाहून झाल्यावर दामिनीला म्हणाल्या, "राग गेला न्हाई माझा अजून. जाईल. काय घाई हाय?"

विशाखाबाईंचा नांदेडहून फोन आला. त्यांच्या कॉलनीतल्या दहा-बारा जणी तयार होत्या. दामिनीनं तारीख दिली, पण ठिकाणं सांगितली नाहीत. ती एकेकीला स्वतः फोन करायला लागली. पहिला फोन लावला तो चंद्रप्रभाबाई नावाच्या एका निवृत्त कारकून बाईंना.

"ठिकाणं मी नंतर ठरवणार आहे, काकू," ती म्हणाली. "आधी तुम्ही सांगा. तुम्हाला काय बघायचंय?"

पलीकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मला?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "अगं, घरातले ठरवतात, मी बॅगा भरते. मला असं कुणी विचारलंच नाही कधी. जरा थांबशील का? विचार करून सांगते."

"थांबते की," दामिनी म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून खुर्चीत टेकून बसली.